नारिंगी गोळी आणि धोंड्याचं जेवण

भारतचं लग्न झालं ते साल एकोणीसशे शहाण्णव. लग्न वैशाखात उरकलं, मांडवाचे बांबू जेठात परत गेले आणि आषाढाच्या तोंडावर अधिक महिना आला. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, जावयांचा महिना. सासू जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालते आणि तेहतीस अनारसे तांब्याच्या ताटात रचून, वर दिवा ठेवून त्याच्या हातात देते. भारतचे वडील गोटीराम मखमलाबादला झेंडू आणि भाजीपाला पिकवायचे. मुलगा जावई झाला म्हणून बाप काही जावईपणातून निवृत्त होत नाही. त्यांच्या सासूबाई ठमाबाई चांदवडला अजून खुटखुटीत होत्या. त्यांनी निरोप धाडला, "सात जुलैचा रविवार धरलाय. जावईबापूंना म्हनावं, पोट रिकामं ठिवून या."

या निरोपामागे एक जुनं दुखणं होतं. मागच्या धोंड्याला, त्र्याण्णव साली, गोटीरामांना सर्दी झाली होती. नाक चोंदलेलं, जिभेला चव नाही. पुरण खातोय की ओली माती, काही कळत नव्हतं. ठमाबाई समोर बसून पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "कसं झालंय?" गोटीराम भला माणूस. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "मामी, मीठ जरा कमी पडलंय."

आसपासच्या लग्नांत पुरण शिजवायला ठमाबाईंना गाडी पाठवून नेत असत. त्यांना ते वाक्य तीन वर्षं डाचत होतं. लेक सुलाबाई माहेरी गेली की पाणी हातात द्यायच्या आधी त्या सुरू करायच्या, "पुरनात मीठ कमी पडलं म्हनला तुझा नवरा. पुरनात!" यंदा जावयाच्या तोंडून चांगलं ऐकल्याशिवाय त्या ताट उचलू देणार नव्हत्या, आणि गोटीरामांनाही तेच हवं होतं. फक्त सर्दी व्हायला नको होती.

"नाना, तुम्ही व्हिटॅमिन सी घ्या," नवी सून दिशा म्हणाली. ती नांदगावची, बारावी सायन्स झालेली. "रोज एक गोळी चघळायची. आणि पाणी भरपूर प्यायचं, नाहीतर किडनीत खडे होतात म्हणे."

गोळी नारिंगी होती, बटणाएवढी. गोटीरामांनी ती जिभेवर ठेवली आणि त्यांचे डोळे मोठे झाले. आंबट, गोड, वरून संत्र्याचा वास.

"ह्ये औषध हाय?"

"हो, औषधच."

"मंग आजवर डाक्टर लोक आपल्याला कडू का पाजत व्हते?"

पहिले दोन दिवस एक-एक गोळी झाली. तिसऱ्या दिवशी गोटीरामांनी विचार केला. झेंडूवर करपा येऊ नये म्हणून आपण एकच फवारा मारून थांबतो का? ढग दिसले की दुसरा मारतो, वारं फिरलं की तिसरा. ढग तर आता रोजच दिसत होते. आठवड्याभरात ते दिवसाला आठ गोळ्यांवर आले. दर गोळीमागे तांब्याभर पाणी, कारण किडनीत खडे नकोत. आठ तांबे पाणी पोटात गेल्यावर ते बाहेरही यायला हवं. फुलबाजारात गिऱ्हाइकासमोर काटा धरलेला असताना ते "आलोच" म्हणून जायचे, ते झेंडूच्या एका करंडीमागे तीनदा.

ही गोष्ट शेजारच्या झुंबरभाऊंच्या नजरेतून सुटली नाही. झुंबरभाऊ नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. त्यांना नऊ वर्षांपासून मधुमेह होता आणि त्या वस्तीत तो त्यांना एकट्यांनाच होता. त्यामुळे त्यांना मान होता.

"गोटीराम, सकाळपासनं ही सातवी खेप."

"तुमी मोजता का काय भाऊ?"

"मोजावं लागतं. नऊ वर्सांचा एक्सपीरियन्स हाय आपल्याला. साखर हाय ही. सेंट परसेंट."

झुंबरभाऊंकडे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात सगळं सामान होतं: काचेच्या पाच-सहा नळ्या, चिमटा, स्पिरीटचा दिवा आणि निळ्या औषधाची बाटली. नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, नारिंगी आणि विटकरी झालं तर विचारायलाच नको. सुलाबाईंनी हा कारभार स्वयंपाकघरात करू दिला नाही. मागच्या अंगणात, झेंडूच्या ढिगाशेजारी दिवा पेटला.

नळी खदखदली. निळा रंग हिरवा झाला, हिरवा पिवळा झाला, आणि पिवळाही तिथं थांबला नाही.

"भगवा झेंडू," गोटीरामांच्या तोंडून सवयीने निघून गेलं. "चांगला तोडीला आलेला."

"गप बसा वो!" सुलाबाई म्हणाल्या.

झुंबरभाऊ नळी उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले. "नऊ वर्सांत माझा कधी पिवळ्याच्या म्होरं गेला नाय," ते म्हणाले. त्यात काळजी होती आणि थोडं वाईट वाटणंही होतं.

त्या दिवसापासून घरात सुलाबाईंचं राज्य सुरू झालं. साखरेचा डबा ट्रंकेत गेला, गूळ माळ्यावर गेला. सकाळी कारल्याचा रस, दुपारी मेथी, संध्याकाळी बिनसाखरेचा काळा चहा. केळीच्या बागेवरून जातानासुद्धा सुलाबाई नवऱ्याच्या डाव्या बाजूने चालायच्या, म्हणजे मध्ये त्या आणि पलीकडे केळी. गोटीरामांचं तोंड दिवसभर कडू. त्या कडू तोंडाला एकच आधार होता. नारिंगी गोळी औषधाच्या डब्यात होती, आणि औषधाला सुलाबाईंचा कायदा लागू नव्हता.

आठाच्या बारा झाल्या. बाराच्या पंधरा झाल्या. झुंबरभाऊ रोज सकाळी डबा घेऊन यायचे आणि नळी रोज जास्तच लाल व्हायची.

"इटकरी," चौथ्या दिवशी ते म्हणाले. "पार भट्टीतनं काढल्यासारखा. वहिनी, ह्यो चोरून खातोय."

"देवाशप्पथ नाय!" गोटीराम म्हणाले. "गोड म्हनून काय बी खाल्लं नाय. औषध तेवढं घेतो."

"औषधाला कोन बोलतंय?" सुलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी रात्रीचा भातही बंद केला.

आता धोंड्याचं काय करायचं? भारतने बूथवरून चांदवडला मामाला, म्हणजे रावजीला, फोन लावला आणि सांगितलं, नानांना शुगर निघालीय, यंदाचं राहू द्या. रावजीने ते आईला सांगितलं. ठमाबाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "साखर नाय निघाली. माझ्या हातचं खायचं नाय म्हनून निघाली."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या एसटीतून उतरल्या. एका हातात काठी, दुसऱ्या काखेत अनारशाच्या पिठाचा डबा. तांदूळ तीन दिवस भिजवून, कुटून, गुळात मळलेलं पीठ. ते काही फोन आला म्हणून थांबत नाही.

"जावईबापू, जीभ दाखवा," उंबऱ्यातूनच त्या म्हणाल्या.

"मामी, जिभंला काय नाय. साखर हाय."

"कुठं हाय? मला दावा."

झुंबरभाऊंना बोलावणं गेलं. ते डबा घेऊन आलेच. ठमाबाई पाटावर बसून नळीकडे टक लावून बघत होत्या. निळं, हिरवं, पिवळं, भगवं, विटकरी. त्यांचं तोंड उतरलं. त्या कितीतरी वेळ काठीच्या मुठीवरून बोट फिरवत राहिल्या.

"म्हंजी ते मीठ माझ्या नावावर तसंच ऱ्हानार," त्या म्हणाल्या.

गोटीरामांना एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं. कारल्याच्या रसानेही नाही. त्यांनी औषधाचा डबा उघडला आणि त्यातल्या दोन गोळ्या सासूबाईंच्या हातावर ठेवल्या. "घ्या मामी. अंगाला चांगलं असतं. दिशा सांगत व्हती."

ठमाबाईंच्या तोंडात दात उरला नव्हता. त्यांनी गोळी गालात धरली. थोड्या वेळाने त्यांनी दुसरी धरली. मग त्या डबा जवळ घेऊनच बसल्या.

त्या दोन दिवस राहिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी झुंबरभाऊ म्हणाले, "आजींचं बी बघून घिऊ. या वयात इचारता येत नाय." बघितलं. भगवा झेंडू. "भारत, तू ये." भारत ऑफिसला जाता-येता दोन-चार गोळ्या खिशात टाकायचा. त्याचा पिवळा निघाला. "सूनबाई, तुमी?" दिशा रोज नेमाने एकच घ्यायची. तिचा हिरवा निघाला. राहिल्या सुलाबाई. त्यांना आंबट जिभेला लावलेलं चालत नसे, गोळीला त्यांनी हातही लावला नव्हता. त्यांचा निळाशार.

अंगणात पाच नळ्या ओळीने उभ्या राहिल्या. झुंबरभाऊंनी बाजारभाव सांगावा तसं सांगितलं, "गोटीराम इटकरी, आजी भगवा, भारत पिवळा, सूनबाई हिरवा. वहिनी, तुमचं सारं घर साखरंत गेलं. तुमी तेवढ्या वाचल्या."

दिशाला रडू फुटलं. "गुरुवारी माझ्या माहेरी ह्यांचा पहिला धोंडा आहे. बाबांनी अंगठी करायला टाकलीय. मी काय सांगू त्यांना?"

"सांग, जावई दिसायला पिवळा हाय," भारत म्हणाला. त्यावर ती आणखी रडली.

"पुरे!" सुलाबाई पदर खोचून उठल्या. "चला दवाखान्यात. सगळे. आत्ताच्या आत्ता. कुनी पान्याचा घोट घेतला तर बघा."

पंचवटीत डॉक्टर कुंदन भामरे यांचा दवाखाना होता. डॉक्टर तरुण होते. दारात एकदम सहा माणसं बघून ते उभेच राहिले.

"कोणाला त्रास होतोय?"

"सगळ्यांना साखर हाय," सुलाबाई म्हणाल्या. "मी सोडून."

"कोणी सांगितलं?"

"आपन," झुंबरभाऊ म्हणाले आणि त्यांनी पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी वाद घातला नाही. त्यांनी सगळ्यांचं रक्त घेतलं. सुलाबाई म्हणाल्या, माझं कशाला, माझा निळा हाय. डॉक्टर म्हणाले, उपाशीपोटी आलाच आहात तर होऊन जाऊ दे. सुलाबाईंनी तोंड फिरवून हात पुढे केला.

संध्याकाळी सगळी मंडळी पुन्हा हजर. डॉक्टरांच्या पुढ्यात कागद होते आणि कपाळाला आठ्या होत्या.

"गोटीराम नाना, तुमची शुगर अठ्ठ्याऐंशी. एकदम नॉर्मल. भारत नॉर्मल. दिशाताई नॉर्मल. आजी, तुमची तर माझ्यापेक्षा चांगली आहे."

"मशीन बिघडलं असंल," झुंबरभाऊ म्हणाले.

"मशीन ठीक आहे. नाना, दिवसभरात काय काय घेता, सगळं सांगा."

"कारलं. मेथी. काळा च्या. आनखी कारलं."

"अजून?"

"अजून काय देती का ही?"

डॉक्टरांनी एकेकाला विचारलं. पण गोळी कोणाच्याच तोंडून बाहेर आली नाही, कारण गोळी खाण्यात धरतच नव्हतं कोणी. ती ठमाबाईंच्या तोंडात मात्र होती.

"आजी, गालात काय आहे?"

ठमाबाईंनी अर्धी चघळलेली नारिंगी गोळी तळहातावर काढून दाखवली. "तुमाला पायजे का? लय झ्याक लागती."

डॉक्टर ती गोळी बघत राहिले आणि मग हसायलाच लागले. "ही किती घेता?"

"मी धा-बारा," ठमाबाई म्हणाल्या. "जावईबापू पंधरा."

डॉक्टरांनी झुंबरभाऊंचा डबा उघडला. एका पेल्यात नळाचं पाणी घेतलं आणि ठमाबाईंकडची एक नवी गोळी चुरून त्यात टाकली. त्यातले आठ थेंब निळ्या औषधात घातले आणि नळी दिव्यावर धरली. निळं, हिरवं, पिवळं, भगवं. मग विटकरी.

"आता सांगा," डॉक्टर म्हणाले, "ह्या नळाच्या पाण्याला शुगर कुठून आली?"

झुंबरभाऊंनी नळी हातात घेऊन वास घेतला.

"हे औषध नुसती साखर ओळखत नाही," डॉक्टरांनी समजावलं. "व्हिटॅमिन सी जास्त झालं तरी रंग असाच बदलतो. शरीर लागेल तेवढं घेतं आणि बाकीचं लघवीवाटे टाकून देतं. तेच तुमच्या नळीत उतरत होतं."

"म्हंजी ही गोळी वाईट?" गोटीरामांनी विचारलं. त्यांचा स्वर असा, जणू नातेवाईकाबद्दल कोणी काही बोललंय.

"वाईट नाही. व्हिटॅमिन सी लागतंच. जखम भरायला, हिरड्या धड राहायला, पालेभाजीतलं लोह अंगी लागायला. ते शरीराला स्वतः बनवता येत नाही, बाहेरूनच घ्यावं लागतं. पण सर्दी त्याने अडत नाही, फार तर झालेली सर्दी थोडी लवकर जाते. आणि पंधरा-पंधरा गोळ्या म्हणजे पोट बिघडणार, जळजळ होणार. खड्यांची भीती म्हणता, ते खडे ह्या जास्तीच्या गोळ्यांनीच होऊ शकतात. तुमच्या बांधावर पेरू आहेत का?"

"चार झाडं हायेत."

"एका पेरूत दिवसाचं सगळं भागतं, वर उरतंसुद्धा. मग गोळ्या कशाला?"

"पेरू इकायचे असत्यात वो," गोटीराम म्हणाले.

दिशा डोळे पुसून हसली. भारतने तिला हळूच विचारलं, "अंगठी चालू ना?" ठमाबाईंनी काठी आपटली, "मंग धोंडा हाय! रविवारीच हाय!" सगळे उठायला लागले.

"एक मिनिट," डॉक्टर म्हणाले. हातात एक कागद राहिला होता. "सुलामावशी, तुमची शुगर एकशे अडुसष्ट आहे. उपाशीपोटी."

"माझी?" सुलाबाई खाली बसल्या. "आवो, माझा तर निळा व्हता! सगळ्यांत निळा!"

"रक्तात शुगर बरीच वाढल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही. म्हणून तर रक्त बघायचं असतं. घाबरू नका, सुरुवात आहे. आठवड्याने पुन्हा एकदा बघू. तोवर चालायचं, गोड जपून खायचं."

झुंबरभाऊ पुढे झाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "वहिनी, अजिबात घाबरायचं नाय. आपन हाय. नऊ वर्सांचा एक्सपीरियन्स हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी कारल्याचा पेला सुलाबाईंच्या समोर आला. त्यांनी एक घोट घेतला आणि नवऱ्याकडे बघितलं. हे आपण माणसाला पंधरवडाभर पाजत होतो, हे त्यांना तेव्हा कळलं.

"आण इकडं," गोटीराम म्हणाले. "अर्धा मी पितो. मला सवय झालीय."

रविवारी चांदवडला रावजीच्या ओसरीवर रांगोळी घातली होती. गोटीराम नवं धोतर नेसून पाटावर बसले. सर्दी नाही, साखर नाही, पोट रिकामं. ठमाबाईंनी तेहतीस अनारसे ताटात रचून, दिवा ठेवून त्यांच्या हातात दिले, पाया पडल्या आणि समोर बसल्या. ओसरीवर शेजारच्या बायकाही येऊन बसल्या होत्या. मिठाची हकिगत तिथं सगळ्यांना माहीत होती.

गोटीरामांनी एक अनारसा उचलला, कुरकुरीत, खसखस लावलेला. त्यांनी तो चावला आणि "आई गं!" म्हणून गालाला हात लावला.

ओसरीवरच्या बायका माना उंच करून बघायला लागल्या.

"आता काय कमी पडलं?" ठमाबाईंनी विचारलं. अगदी हळू.

"कमी काय नाय मामी. दात! दात आंबलेत माझे. गोळ्या चावून चावून सगळे दात आंबले. वाऱ्यानं बी ठनका लागतो."

बायकांनी तोंडाला पदर लावले. सुलाबाई कपाळावर हात मारणार होत्या, पण ठमाबाई उठल्या. त्यांनी जावयासमोरचं ताट उचललं आणि चुलीपाशी नेलं. मोठ्या वाडग्यात तीन धोंडे घेतले, वर कोमट दूध ओतलं, तुपाची धार सोडली आणि हाताने कुस्करून मऊ लापशीसारखं केलं. अनारसेसुद्धा त्यातच चुरले. गेली दहा वर्षं त्या स्वतः असंच जेवत होत्या. हा हिशोब त्यांना कोणी शिकवायला नको होता. दुसऱ्या वाडग्यात त्यांनी स्वतःला घेतलं, आणि अर्धा धोंडा, डॉक्टरांनी सांगितला होता तेवढा, लेकीच्या वाटीत घातला.

सासू आणि जावई समोरासमोर बसून, दात न लावता जेवायला लागले.

गोटीरामांनी पहिला घास जिभेवर घेतला आणि डोळे मिटले. वेलदोडा कळला. जायफळ कळलं. गूळ कळला, आणि गुळामागे चिमूटभर मिठाचा खमंगपणाही कळला. पंधरा दिवसांचं कारलं घशाखाली गेलं. बोलायला तोंड रिकामं नव्हतं. वाडगा संपला तसा त्यांनी तो पुढे केला. ठमाबाईंनी भरला. तो संपला, पुन्हा पुढे केला. पुन्हा भरला. तिसऱ्यांदा वाडगा पुढे आला तेव्हा ठमाबाईंनी ओसरीवरच्या बायकांकडे एकदा नीट बघून घेतलं, एकेकीकडे, सावकाश. मग त्या आत गेल्या आणि पातेलंच उचलून बाहेर घेऊन आल्या.

त्यानंतर त्यांनी गोटीरामांना आणखी दोन धोंडे जेवू घातले, एक नव्याण्णव साली आणि एक दोन हजार एक साली. ठमाबाई दोन हजार दोन साली मार्गशीर्ष महिन्यात चांदवडला, रावजीच्या घरी वारल्या.